विसरत जाणारा दगड

काल जवळजवळ अख्खी दुपार मायक्रोस्कोपखाली, अशनीतल्या फेल्स्पार या खनिजाच्या एका कणापायी गेली. कण ६० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढा. रंग करडा, कडा साध्या, आत दोन-तीन अंधुक पट्ट्या. भोवती ऑलिव्हिन या दुसऱ्या खनिजाचे कण निळे, हिरवे, गुलाबी असे झगमगत होते, त्यामुळे हा करडा तुकडा म्हणजे त्यांच्यामधली फट असावी असंच वाटत होतं. स्टेज, म्हणजे मायक्रोस्कोपची नमुना ठेवायची तबकडी, फिरवली तशा त्या पट्ट्या आळीपाळीने काळ्या-पांढऱ्या व्हायला लागल्या. म्हटलं, ही फट नव्हे, हा सलग स्फटिक आहे. मोजला. ६०. शेजारचा मोजला, ५५. पलीकडचा ७०.

हे तीन आकडे वहीत लिहिले आणि थोडा वेळ नुसतीच बसून राहिले. कारण त्यांचा अर्थ असा होता की माझ्यासमोरचा हा दगड कधीकाळी ८०० अंश सेल्सियसच्याही वर तापला होता आणि लाखो वर्षं तापलेलाच राहिला होता. इतका वेळ उष्णता कोंडून धरायला अंगावर किलोमीटरच्या किलोमीटर खडक असावा लागतो. म्हणजे हा तुकडा एका लघुग्रहाच्या पोटात खोलवर होता. पुढे तो लघुग्रह फुटला, हा बाहेर आला, अवकाशात भटकला आणि शेवटी पृथ्वीवर पडला. या सगळ्याची सुरुवात मला कळली ती केसाएवढ्या एका करड्या कणामुळे.

गेली काही वर्षं माझं काम हेच आहे. दगडी अशनींचे सेक्शन करायचे आणि वाचायचे. सेक्शन म्हणजे दगडाची चकती काचपट्टीवर चिकटवून घासत घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणायची, की प्रकाश आरपार जातो. ऐकायला सोपं वाटतं. पण अशनीत लोखंड-निकेलचे कण असतात, त्यामुळे नेहमीसारखं पाणी वापरलं तर दुसऱ्या दिवशी सेक्शनभर गंजाचे तांबूस डाग. म्हणून अल्कोहोल नाहीतर तेल वापरायचं. त्यात पुन्हा धातूचा कण चिवट आणि शेजारची खनिजं ठिसूळ, दोन्ही एका पातळीत घासणं हा हाताचा प्रश्न आहे. शेवटचे काही मायक्रॉन मी कधीच यंत्रावर सोडत नाही. दर चार-पाच फेऱ्यांनी सेक्शन मायक्रोस्कोपखाली धरून रंग बघायचे. फेल्स्पार करडा-पांढरा झाला की थांबायचं. एकदा घाईत पुढे गेले आणि ऑलिव्हिनचे रंग डोळ्यांदेखत फिके पडून करडे झाले. त्या अशनीचा माझ्याकडे तेवढाच तुकडा होता. तो सेक्शन अजून माझ्या पेटीत पहिल्या खाचेत आहे.

अशनी आणि उष्णता म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आकाशातली ज्वाळा येते. ते साहजिक आहे, पण त्या ज्वाळेचा माझ्या कामाशी फारसा संबंध नाही. वातावरणातून येताना अशनीचा पृष्ठभाग वितळतो खरा, पण वितळलेला पदार्थ तिथल्या तिथे उडूनही जातो. हा सगळा खेळ काही सेकंदांचा, आणि दगड उष्णतेचा मंद वाहक. मागे राहतो तो एक मिलिमीटरहूनही पातळ असा काळा थर. त्याच्या खाली काही मिलिमीटरवर खनिजांना या प्रवासाचा पत्तासुद्धा लागलेला नसतो. मी ज्या उष्णतेबद्दल लिहिते आहे ती ४५६ कोटी वर्षांपूर्वीची आहे.

आणि ती एकदाच आलेली नाही. म्हणूनच हे वाचन अवघड होतं.

पहिली आच बघायची असेल तर कमीत कमी बिघडलेला अशनी घ्यावा लागतो. मध्य प्रदेशात १९४० साली पडलेला सेमारकोना हा या बाबतीत जगभरच्या अभ्यासकांचा मापदंड आहे. असा सेक्शन पहिल्यांदा भिंगाखाली आला की माणूस थक्क होतो. खडकात असायला हवेत तसे एकमेकांत गुंतलेले कण नसतातच. असतात ते गोळे. अर्ध्या-एक मिलिमीटरचे, स्वच्छ काठाचे, एकमेकांना खेटून बसलेले, मधल्या जागेत काळपट बारीक भुकटी. यांना काँड्रूल म्हणतात आणि ते ज्यात असतात तो काँड्राइट. पृथ्वीवर पडताना दिसलेल्या अशनींपैकी बहुसंख्य याच जातीचे.

हेन्री क्लिफ्टन सॉर्बी या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७७ मध्येच सांगून ठेवलं होतं की हे गोळे म्हणजे एकेकाळचे वितळलेले थेंब आहेत, आगीच्या पावसाचे. खडकाचे पातळ सेक्शन करून ते मायक्रोस्कोपखाली बघण्याची पद्धत रुळवणाराही तोच. प्रत्येक सेक्शन घासताना मला त्याची आठवण येते, आणि ते अगदी मनापासून.

काँड्रूलमध्ये माझा लाडका प्रकार म्हणजे पट्टेरी ऑलिव्हिनचा. एकच दाखवते, नीट बघा. गोल थेंब. त्याच्या कडेने ऑलिव्हिनचं जाड कवच. आत एकाला एक समांतर अशा ऑलिव्हिनच्या पट्ट्या, तुरुंगाच्या गजांसारख्या, आणि गजांच्या मध्ये काच. स्टेज फिरवा. सगळ्या पट्ट्या एकाच क्षणी काळ्या होतात, आणि त्यांच्याबरोबर बाहेरचं कवचही काळं होतं. पुढे फिरवा, सगळं पुन्हा एकदम उजळतं. याचा अर्थ त्या वेगवेगळ्या पट्ट्या नाहीतच. अख्ख्या थेंबात मिळून एकच स्फटिक आहे, आणि आपण त्याच्या पाकळ्या आडव्या कापलेल्या बघतो आहोत.

हे असं घडायला काय लागतं? थेंब इतका तापला पाहिजे की आतली जुनी बीजं जवळजवळ सगळी वितळून जावीत. बीज म्हणजे न वितळलेला एखादा सूक्ष्म कण, ज्याच्यावर नवा स्फटिक धरतो. बीजं भरपूर उरली तर थंड होताना प्रत्येकावर स्वतंत्र स्फटिक वाढतो आणि थेंब ठसठशीत दाण्यांनी भरून जातो. बहुतेक काँड्रूल असेच दाणेदार असतात. उलट बीज एखादंच असेल तर द्रव गोठणबिंदूच्या खाली जाऊनही काही काळ द्रवच राहतो आणि मग एका ठिकाणाहून स्फटिक झपाट्याने थेंबभर धावत सुटतो. त्याचेच हे गज. आणखी एक प्रकार असतो, त्यात थेंबाच्या काठावरच्या एका बिंदूतून पायरॉक्सिन या खनिजाच्या काड्या पंख्यासारख्या पसरतात. तिथे बीज आतमध्ये उरलंच नव्हतं. बाहेरून येऊन धडकलेल्या धुळीच्या कणाने सुरुवात करून दिली असावी, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात.

प्रयोगशाळेत भट्टीमध्ये असे थेंब वितळवून, वेगवेगळ्या गतीने थंड करून हेच आकार तयार करता येतात. त्यावरून आकडे मिळाले. तापमान साधारण १५०० ते १९०० अंशांच्या पट्ट्यात, आणि थंड होण्याचा वेग तासाला दहा अंशांपासून हजार अंशांपर्यंत. हजार अंश म्हणजे फारच भरभर असं वाटेल. पण मिलिमीटरभर थेंब मोकळ्या अवकाशात एकटा सोडला तर तो काही सेकंदांत गोठून जाईल. त्या मानाने हे थेंब फार सावकाश निवाले. म्हणजे ते एकटे नव्हते. भोवती तापलेला वायू, तापलेली धूळ आणि त्यांच्यासारखेच असंख्य थेंब असले पाहिजेत, एकमेकांना ऊब देत. त्यांना नक्की कशाने वितळवलं यावर अजून वाद आहे. वायूतल्या आघातलहरींनी असं म्हणणारे आहेत, लहान-मोठ्या ग्रहकांच्या, म्हणजे ग्रह बनण्याआधीच्या गोळ्यांच्या, टकरींनी असं म्हणणारेही आहेत. पण तापण्याचा आणि निवण्याचा हा हिशोब ज्याच्या उत्तरात बसणार नाही त्याचं उत्तर मान्य होणार नाही, आणि तो हिशोब या गजांनी लिहून ठेवला आहे.

पायरॉक्सिनही याला दुजोरा देतं. उच्च तापमानाला त्याची स्फटिकरचना वेगळी असते. ते भराभर थंड झालं तर जुनी रचना सोडताना अणू वेगवेगळ्या बाजूंना घसरतात आणि स्फटिकभर बारीक समांतर रेघा उमटतात, फणीच्या दातांसारख्या. एकाआड एक जुळे स्फटिक. अशा रेघा दिसल्या की मी लगेच वहीत टिपते, कारण त्या फार काळ टिकणाऱ्या नसतात. दगड पुन्हा तापला की त्या पुसल्या जातात.

इथून पुढे जे घडतं त्याला मी मनाशी विसरणं म्हणते. शास्त्रातला शब्द आहे उष्णतेने होणारं रूपांतरण. पण रोज ते बघताना मला दिसतो तो एकेक गोष्ट हरवत जाणारा दगड, आणि त्यातही मला महत्त्वाचं वाटतं ते हे की दगडातली सगळी खनिजं एकाच वेगाने विसरत नाहीत. त्यांच्या विसरण्याच्या क्रमावरूनच आम्ही तापमान काढतो.

थेंब गोठले, धुळीबरोबर एकत्र आले, दहा-शंभर किलोमीटरचे लघुग्रह झाले. त्या लघुग्रहांच्या आत अ‍ॅल्युमिनियम-२६ होतं. हे अ‍ॅल्युमिनियमचं किरणोत्सारी समस्थानिक, अर्धायुष्य सुमारे ७ लाख वर्षं. आज त्यातलं मूळचं काही शिल्लक नाही, पण ते फुटून बनलेलं मॅग्नेशियम-२६ राहिलं. १९६९ साली मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे या अशनीतल्या पांढऱ्या कणांमध्ये हे जादा मॅग्नेशियम १९७६ मध्ये पक्कं सापडलं. तेव्हापासून लघुग्रहांच्या आतल्या शेगडीबद्दल फारशी शंका राहिली नाही. जो लघुग्रह लवकर जमला त्याच्या वाट्याला हे इंधन भरपूर आलं आणि तो वितळला. वीसेक लाख वर्षं उशिरा जमलेले नुसते भाजले गेले. काँड्राइट हे त्या भाजलेल्यांचे तुकडे.

व्हॅन श्मुस आणि वुड या दोन शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये या भाजण्याच्या पायऱ्या ठरवल्या आणि आम्ही आजही त्याच वापरतो. साध्या काँड्राइटसाठी ३ ते ६. तीन म्हणजे जवळजवळ कोरा, सहा म्हणजे पुरता भाजलेला.

सगळ्यांत आधी विसरते ती काच. काच हा मुळात घाईने गोठलेला द्रव, संधी मिळाली की तिला स्फटिक व्हायचंच असतं. थोडी ऊब पुरते आणि तिच्यात फेल्स्पारचे अतिसूक्ष्म कण धरायला लागतात. मायक्रोस्कोपला ते दिसत नाहीत, पण दगडाच्या चुऱ्याला आधी किरणोत्साराची ठरावीक मात्रा देऊन मग तापवलं की त्यातून जो मंद प्रकाश निघतो, तो या फेल्स्पारमुळे वाढतो. तिसऱ्या पायरीच्या आतल्या आतच हा प्रकाश हजारपटींनी बदलतो. म्हणूनच तीनचे पुन्हा ३.० ते ३.९ असे दहा भाग पाडता आले. दुसरा हळवा साक्षीदार म्हणजे ऑलिव्हिनमधलं क्रोमियम. थेंब गोठताना थोडं क्रोमियम ऑलिव्हिनमध्ये अडकतं. त्याला तिथे राहायचं नसतं. जरासं तापलं की ते वेगळं होऊन क्रोमाइट या क्रोमियम-लोहाच्या खनिजाचे बारीक ठिपके बनतात. ३.२ च्या आसपास पोहोचेपर्यंत हे स्थलांतर बहुतेक उरकलेलं असतं. सेमारकोनामध्ये क्रोमियम जागच्या जागी आहे, म्हणून त्याला ३.००. शून्यावरचं दुसरं शून्य उगाच लावलेलं नाही.

मग पाळी ऑलिव्हिनच्या लोह आणि मॅग्नेशियमची. कोऱ्या अशनीत एकाच ऑलिव्हिनच्या स्फटिकात गाभ्याला मॅग्नेशियम जास्त, काठाला लोह जास्त, आणि शेजारच्या थेंबात तिसरंच प्रमाण. प्रत्येक थेंबाचा आपला इतिहास. चौथ्या पायरीपर्यंत ही विविधता मिटते. अणू कणांतून कणांत सरकत जाऊन सगळीकडचं ऑलिव्हिन सारखं होतं. पायरॉक्सिन जास्त हट्टी. चौथ्या पायरीवर त्याच्या त्या फणीसारख्या रेघा अजून बऱ्याच ठिकाणी सापडतात, पाचव्यावर तुरळक, सहाव्यावर शोधूनही मिळत नाहीत. काँड्रूलच्या कडा आधी मऊ होतात, मग तुटक, मग असं होतं की सेक्शन डोळ्यांपासून दूर धरल्यावर गोळ्यांचा भास होतो आणि भिंगाखाली घेतला की हरवतात. कणांच्या कडा सरळ होतात आणि तीन कण भेटतात तिथे १२० अंशांचे कोन बनायला लागतात, साबणाच्या फेसात बनतात तसे.

आणि एवढं सगळं पुसलं जात असताना एकच गोष्ट वाढत असते, तो माझा करडा फेल्स्पार. चौथ्या पायरीवर दोन मायक्रॉनहून लहान, डोळ्यांना न दिसणारा. पाचव्यावर दिसायला लागतो. सहाव्यावर ५० मायक्रॉनच्या पुढे. जुन्या काचेची जागा त्याने घेतलेली असते. म्हणून तो दिसला की मला एकाच वेळी दोन गोष्टी जाणवतात, हा दगड किती तापला आणि त्याचं काय काय गेलं.

सहाव्या पायरीचं तापमान साधारण ८०० ते ९५० अंशांच्या दरम्यान मानतात. दोन प्रकारच्या पायरॉक्सिनमध्ये कॅल्शियम कसं वाटून घेतलं गेलं आहे यावरून ते काढता येतं. आणि वरची मर्यादा? ती मला फार आवडते, कारण ती न घडलेल्या गोष्टीवरून कळते. लोखंड आणि त्याचं सल्फाइड शेजारी शेजारी असतील तर ९८८ अंशांच्या आसपास दोघं मिळून वितळायला लागतात. वितळले की कणांच्या फटींतून पाझरतात, शिरा बनतात. सहाव्या पायरीच्या दगडात धातू आणि सल्फाइड आपापल्या जागी नुसते बसलेले दिसतात, कुठे पाझर नाही. म्हणजे दगड तिथवर पोहोचलाच नाही. ज्यांनी ही वेस ओलांडली ते अशनीही सापडले आहेत, १९७६ साली मेक्सिकोतल्या आकापुल्कोजवळ पडलेला त्यांतला प्रसिद्ध. त्यांच्यात या शिरा दिसतात.

आतापर्यंतची सगळी खूण दगड किती तापला याची. तो किती सावकाश निवाला, हे सांगतो धातू. सेक्शनवर वरून प्रकाश टाकायचा, धातू पांढराशुभ्र चमकतो आणि सल्फाइड पितळी. नायट्रिक आम्ल मिसळलेलं अल्कोहोल काही सेकंद लावून पुसलं की धातूचे दोन भाग वेगळे दिसतात, कमी निकेलचं कॅमासाइट आणि जास्त निकेलचं टीनाइट. दगड निवत जाताना निकेलला टीनाइटमध्ये शिरायचं असतं. सुरुवातीला ते कणाच्या गाभ्यापर्यंत पोहोचतं. पुढे थंडीने चाल मंदावते आणि ते काठावरच अडकून राहतं. कणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निकेल मोजत गेलं की आलेख मधे खोलगट आणि दोन्ही कडांना उंच येतो. ती खोली किती आणि कण केवढा, यावरून ५०० अंशांच्या आसपास दगड कोणत्या वेगाने निवत होता ते निघतं. उत्तर येतं दहा लाख वर्षांत काही अंश, कधी काही दशक अंश. पहिल्यांदा हे एकक ऐकलं तेव्हा मला ते उलट लिहिलंय असं वाटलं होतं. तासाला शेकडो अंशांनी निवलेल्या थेंबाच्या शेजारीच हा धातूचा कण बसलेला आहे. एकाच सेक्शनमध्ये, अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरात, दोन घड्याळं.

यावरून लघुग्रहाचं एक चित्र उभं राहिलं, कांद्यासारखं. आत खोल सहावी पायरी, तिच्यावर पाचवी, मग चौथी, वर तिसरी. खोलातलं सावकाश निवणार, वरचं लवकर. २००३ मध्ये एच गटाच्या, म्हणजे लोह जास्त असलेल्या, काही काँड्राइटवर झालेल्या अभ्यासात हे सुंदर जुळून आलं. जास्त भाजलेले अशनी खरोखरच उशिरा निवाले होते. पण सगळेच अशनी इतके आज्ञाधारक नाहीत. काही चौथ्या पायरीच्या दगडांतला धातू सांगतो की आम्ही सहाव्याइतकेच सावकाश निवालो. काही अशनींत शेजारशेजारच्या धातूकणांचे वेग जुळतच नाहीत. कांदा फुटला होता आणि तुकडे पुन्हा वेडेवाकडे एकत्र आले होते, हे त्याचं सरळ उत्तर.

याचा धडा मी स्वतःच्या चुकीतून घेतला. काही वर्षांपूर्वी एक सेक्शन माझ्याकडे आला. कोपऱ्यातून सुरुवात केली, फेल्स्पार मोठा, कडा सरळ, १२० अंशांचे कोन. सहा, असं लिहून टाकलं. अहवाल पाठवला. आठवड्याने माझ्या मॅडमनी तो सेक्शन माझ्यासमोर ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्या टोकाला जाऊन ये." गेले. मधे एक काळसर, चुरडलेली पट्टी होती. तिच्या पलीकडे काँड्रूल स्पष्ट, पायरॉक्सिनमध्ये रेघा, फेल्स्पारचा पत्ता नाही. चौथी पायरी. बोटाच्या पेराएवढ्या दगडात दोन वेगवेगळ्या खोलींवरचे खडक एकत्र चिकटलेले होते. ते तापलेले असताना एकत्र आले असते तर सीमेवरचे अणू एकमेकांत मिसळले असते, रेघा पुसल्या गेल्या असत्या. म्हणजे दोन्ही पुरते निवल्यावर कुठल्याशा टकरीने एकत्र आले. मी अर्धाच सेक्शन बघून अख्ख्या दगडाचं भविष्य, खरं तर भूतकाळ, सांगून मोकळी झाले होते. त्या दिवसापासून मी सेक्शन नेहमी कमीत कमी शक्तीच्या भिंगाखाली आधी पूर्ण फिरते. अहवालही दुरुस्त करून पाठवला, आणि मॅडमनी त्यावर पुन्हा कधी विषय काढला नाही.

टकरींची उष्णता ही तर आणखी वेगळी गोष्ट. ती येते क्षणभर, पण भयंकर दाबाबरोबर. ऑलिव्हिन अशा वेळी एकदम काळं होण्याऐवजी सावली सरकल्यासारखं एका बाजूने काळं होत जातं, कारण स्फटिक आतून वाकलेला असतो. दाब वाढला तर फेल्स्पार न वितळता आहे त्या जागी काचेसारखा होतो. १८६५ साली बिहारमधल्या शेरघाटीत पडलेल्या अशनीत ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञ चेर्माक यांना तो सापडला आणि १८७२ मध्ये त्यांनी त्याला मॅस्केलिनाइट नाव दिलं. तो अशनी मंगळावरून आला होता हे कळायला पुढे शंभरहून जास्त वर्षं लागली. आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १८७९ साली पडलेल्या टेनहॅममध्ये तर केसासारख्या काळ्या शिरांच्या आत ऑलिव्हिनचं निळसर-जांभळं रूप आहे, रिंगवुडाइट. पृथ्वीच्या पोटात ५०० किलोमीटरच्या खाली जो दाब असतो त्यात हे खनिज बनतं. निसर्गात ते पहिल्यांदा सापडलं ते या अशनीत, १९६९ मध्ये. मला त्यातलं विलक्षण वाटतं ते त्याचं टिकणं. दाब गेल्यावर शीर तशीच तापलेली राहिली असती तर रिंगवुडाइट परत ऑलिव्हिन झालं असतं. ते राहिलं, म्हणजे शिरेच्या भोवतालचा दगड थंड होता आणि त्याने ती उष्णता लगेच शोषून घेतली.

पूर्ण वितळलेल्या लघुग्रहांबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण त्यातला एक धागा आपल्या इथल्या प्रयोगशाळेतून आला. राजस्थानात १९९६ मध्ये पिपलिया कलाँ येथे पडलेला अशनी युक्राइट जातीचा आहे, म्हणजे चक्क ज्वालामुखीजन्य खडक. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना १९९९ मध्ये त्याच्या फेल्स्पारमध्ये अ‍ॅल्युमिनियम-२६ च्या विघटनातून उरलेलं जादा मॅग्नेशियम सापडलं. एका वितळलेल्या लघुग्रहाच्या खडकात या शेगडीची राख प्रत्यक्ष हाती आली. युक्राइटच्या पायरॉक्सिनमध्ये बघण्यासारखं म्हणजे एकाच स्फटिकातून वेगळ्या झालेल्या पातळ पापुद्र्यांच्या ओळी. तापलेलं असताना त्यात कॅल्शियम विरघळून राहू शकतं, निवताना राहू शकत नाही, आणि ते वेगळे थर करून बसतं. थर जितके जाड आणि दूर दूर, तितकं निवणं सावकाश.

हे सगळं वाचन आम्ही पृथ्वीवर येऊन पडलेल्या दगडांवर करत होतो, आणि कोणता दगड कुठून आला हा प्रश्न तसाच लोंबकळत होता. मग २०१० मध्ये जपानच्या हायाबुसा यानाने इतोकावा या लघुग्रहावरची धूळ आणली. कण बहुतेक ०.१ मिलिमीटरहून लहान. त्यांच्यात तेच ऑलिव्हिन, तेच पायरॉक्सिन, सारखं झालेलं, आणि करडा फेल्स्पारही. एलएल गटाचे, म्हणजे लोह आणि धातू कमी असलेले, पाचव्या-सहाव्या पायरीचे बहुतेक, थोडे चौथ्याचे. ८०० अंशांपर्यंत तापून सावकाश निवलेले. इतोकावा अर्ध्या किलोमीटरच्या आसपासचा छोटा दगडांचा ढीग आहे, तेवढ्यात एवढी उष्णता कोंडून राहूच शकत नाही. म्हणजे तोही कुठल्यातरी मोठ्याचा फुटलेला भाग. त्या धुळीचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा ओळखीच्या माणसाला परक्या गावी अचानक भेटावं तसं झालं होतं.

कालच्या सेक्शनकडे परत येते. फेल्स्पार मोजून झाल्यावर सवयीप्रमाणे पूर्ण सेक्शन फिरले. दुसरा खडक चिकटलेला नाही. पण डाव्या काठाजवळ एक जागा अशी सापडली, जिथे चार-पाच ऑलिव्हिनचे लांबट कण एकाला एक समांतर आहेत, मधे करडा फेल्स्पार. स्टेज फिरवली. सगळे एकदम काळे झाले. गोलाचा काठ कुठेच उरलेला नाही, काच तर नाहीच, लोह-मॅग्नेशियम भोवतालच्या कणांसारखंच असणार. तरी ते गज होते. लाखो वर्षांच्या आचेनंतरही पाचांची दिशा एकच होती. तिथे काचेवर शाईने छोटा गोल केला आहे. उद्या वरून प्रकाश टाकून त्याच्या शेजारचे धातूचे कण बघायचे आहेत.